हतनूरच्या पाण्यात दर्याची बोट : एका जुन्या स्पीडबोटीचं प्रकरण

फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला, "मामा, बोट घ्यायची आहे." मला 'बोर' ऐकू आलं. रावेर-यावल भागात उन्हाळ्याच्या तोंडावर माणूस असा फोन करतो तो बोरसाठीच. मी विचारलं, "किती फूट?" तो म्हणाला, "सोळा." सोळा फुटांवर पाणी लागायचे दिवस माझ्या आजोबांबरोबर गेले, तेव्हा काहीतरी गफलत आहे एवढं कळलं.

मी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होतो, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. भाच्याची केळी आहे, शेती बरी चालते. त्याला आणि त्याच्या मित्राला मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवजवळ, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, पर्यटकांसाठी बोट चालवायची होती. तिथे तापी-पूर्णेचा संगम आहे, चांगदेवाचं जुनं देऊळ आहे, मुक्ताबाईच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला गर्दी असते, हिवाळ्यात पक्षी बघायला शहरातून माणसं येतात. कल्पना वाईट नव्हती. कोकणातल्या एका किनाऱ्यावर एक जुनी फायबरची बोट विकायला होती. सोळा फूट लांब, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, सोबत ट्रेलर. मागणी ३,४०,००० रुपये. भाच्याचा अंदाज असा की घासाघीस करून, वर किरकोळ खर्च धरून साडेतीन लाखांत बोट पाण्यात उतरेल.

उतरली पाच लाख पाच हजारांत, तीही नऊ महिन्यांनी. या प्रकरणात चूक कुठे झाली ते मला आता नीट दिसतं. त्यातली मोठी चूक माझी आहे, म्हणून ते मीच लिहितोय.

सौद्याचा दिवस

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. विकणाऱ्याने बोट पाण्यातच ठेवली होती आणि मशीन गरम होतं. मी हात लावून पाहिला. गरम मशीन एका झटक्यात सुरू होतंच, थंड मशीन दोरी ओढल्यावर काय करतं ते बघायचं असतं. हे मला माहीत होतं, म्हणून तासभर थांबून ते थंड होऊ दिलं. मग सुरू केलं. तिसऱ्या ओढीला लागलं. दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, एका सिलिंडरला १२५ पीएसआय, दुसऱ्याला ११८. दोन्हींतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला की पिस्टन-रिंगांची काळजी नसते. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. तो ताकासारखा पांढुरका होता, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेलं. ते मी विकणाऱ्याला दाखवलं आणि त्यावरच पंधरा हजार कमी करून घेतले. मनातल्या मनात मी माझी पाठ थोपटली.

मग त्याने आम्हाला फेरी मारून आणलं. बोटीत आम्ही तिघं आणि तो. बोटीने नाक उचललं, मग ती सपाट झाली आणि पाण्यावरून सुटली. भाच्याचं तोंड पाहिलं आणि मला कळलं, सौदा झाला. ट्रेलरचं गंजलेलं हाड दाखवून अजून बरंच पाडलं आणि २,७५,००० वर हात मिळवला.

एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, जिच्यावर मशीन टांगलेलं असतं तिच्यावर, म्हणजे ट्रान्समवर, नवा पांढरा रंग होता. बाकी बोट उन्हाने पिवळट पडलेली, आणि ही एकच भिंत नव्या नवरीसारखी. लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला रंग म्हणजे रंग वाटतो. फायबरच्या बोटीच्या त्या भिंतीत लाकूड असतं, हे मला ऐकून ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं.

ट्रेलर रस्त्यावर आणायच्या लायकीचा नव्हता. बोट आणि ट्रेलर दोन्ही आयशरवर चढवून कसाऱ्याचा घाट, नाशिक, धुळे करत आणली. भाडं ३२,००० रुपये. फागण्याजवळ चहाला थांबलो तर ढाब्यावरच्या माणसाने विचारलं, "पूर येणार आहे का यंदा?"

वजनकाटा

गावातल्या केळीच्या वजनकाट्यावर बोट तोलायची कल्पना भाच्याच्या मित्राची. त्याला फक्त गंमत करायची होती. मशीन उतरवलं होतं, ट्रेलर आधी रिकामा तोलला, मग बोटीसकट. बोटीच्या आत बनवणाऱ्याची पट्टी होती, तिच्यावर बोटीचं वजन ४१० किलो. काटा ५९० दाखवत होता. दहा किलो इकडे-तिकडे धरले तरी पावणेदोनशे किलो जास्त. केळीच्या व्यापाऱ्याने एवढा फरक दाखवला असता तर मारामारी झाली असती.

ते वजन पाण्याचं होतं. बोटीत आपण पाय ठेवतो ती जमीन आणि तळ यांच्या मधल्या पोकळीत, बुडू नये म्हणून फोम भरलेला असतो. वरच्या स्क्रूंच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की तोच फोम ओल्या गादीसारखा जड होतो आणि पुन्हा सुकत नाही. वर टाइल्ससारखं स्वच्छ फायबर दिसतं, खाली दलदल.

मग मला जाग आली. रबरी मूठ असलेली छोटी हातोडी घेतली आणि सगळी बोट वाजवत गेलो. बाजू ठणठणीत. तळ बराचसा बरा. मागची भिंत मात्र मधोमध 'बद्द बद्द' बोलत होती, जास्त पिकलेल्या कलिंगडासारखी. आतल्या बाजूने पाच मिलिमीटरच्या बिटने तीन भोकं पाडली. वरच्या भोकातून कोरडा पिवळा भुसा आला. खालच्या दोन्हीतून काळपट, ओला, कुजक्या वासाचा लगदा, बोटात धरला की पाणी निघेल असा. पाणी शिरलं होतं मशीनच्या बोल्टांच्या भोकांतून आणि तळाच्या बुचाच्या भोकातून. कोणी तरी ती भोकं नुसती पाडली होती, आतल्या लाकडाची कड न मुजवता.

हे किनाऱ्यावर पाच मिनिटांत कळलं असतं. हातोडी नसेल तर नाण्याने वाजवावं. तेही नको असेल तर मशीनच्या खालच्या पायाला धरून वर-खाली हलवावं आणि भिंतीकडे बघावं. ती श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर झाली तर लाकूड संपलेलं आहे. चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन सत्तरएक किलोचं, आणि पूर्ण वेगात ते सगळी बोट त्या एका भिंतीतून ढकलतं. प्रवासी भरलेले असताना ती फाटली तर मशीन पाण्यात आणि त्याच्या मागोमाग बोट. दोन तास मी मशीनचा ताप, तेल, दाब पाहत बसलो, कारण मला तेच येत होतं.

मे महिना आणि राळ

भाच्याने बोट परत द्यायचा विषय काढला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, आणि लेखी काही ठरलेलंच नव्हतं. मग दुरुस्ती.

जळगावात फायबरच्या कूलर-बॉड्या करणारा एक कारागीर मिळाला. बोट त्याने कधी केली नव्हती, पण काचेचं मॅट आणि रेझिन त्याच्या हाताला पाठ होतं. त्याला मी 'उस्ताद' म्हणायचो, तो मला 'साहेब', दोघांनाही आपापला मान बरा वाटायचा. त्याला एकच गोष्ट पटवून द्यावी लागली : कूलरला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं, इथे आत येतं.

मशीन आधीच खाली होतं. ग्राइंडरने भिंतीची आतली कातडी चौकटीसारखी कापली, बाहेरची तशीच ठेवली, म्हणजे बोटीचा मूळ आकार हलत नाही. कुजकं लाकूड पटाशीने आणि हाताने उकरून काढलं, चार पाट्या भरल्या. जमिनीचं फायबर उचलून ओला फोमही काढला. मग आठ दिवस उन्हात उघडं ठेवलं. एप्रिल-मे महिन्यातल्या खानदेशी उन्हाला शिव्या सगळेच देतात, पण ओली बोट सुकवायला त्याच्यासारखी भट्टी नाही.

नवं लाकूड मरीन प्लायचं, आयएस ७१० शिक्क्याचं. दुकानदार आधी आयएस ३०३ चा तुकडा 'तोच आहे, वॉटरप्रूफ' म्हणून देत होता. ते घरातल्या फर्निचरचं प्लाय, बोटीचं नव्हे. अठरा मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून छत्तीस, वर काचेचे थर. जुन्या आणि नव्या फायबरच्या सांध्यावर उतार घासावा लागतो, जाडीच्या बारापट. आमच्या कातडीची जाडी चार मिलिमीटर, म्हणजे उतार पाच सेंटिमीटरचा. उस्तादला हे जास्त वाटलं. त्याचा सांधा दोन सेंटिमीटरचा असायचा आणि कूलर काही फुटत नव्हते. मी अडून बसलो. याबाबतीत तरी मला माझ्यावर भरवसा होता, कारण वेल्डिंगच्या सांध्याचाही तोच हिशेब : जोड लांब असला तर ताण वाटला जातो.

खरी गंमत रेझिनने केली. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के टाकतात आणि पसरायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. पण ती सावलीतल्या, पंचवीस अंशांच्या हवेतली वेळ. आमच्याकडे सकाळी दहालाच पारा चाळिशीपार. पहिला मग सहाव्या मिनिटाला गोठला, तापला, त्यातून धूर निघाला आणि प्लॅस्टिकचा मग वितळून शेणाच्या गोवरीसारखा पसरला. दोनशे रुपयांचं रेझिन आणि एक मग गेला. त्या दिवसापासून काम पहाटे चारला. एक टक्का हार्डनर, एका वेळी अर्धा लिटरच रेझिन, आणि उघड्या ताटलीत, कारण खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने पेटतं. साडेसातला काम बंद. एक सावधगिरी जीवावरची : हार्डनर आणि रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात ते कोबाल्टचं ॲक्सिलरेटर कधीही एकत्र ओतायचे नाहीत. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं, हार्डनर मग. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर स्फोट होतो. दोन्ही बाटल्या मी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या आणि चावी माझ्या खिशात.

बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी पाडली, त्यात घट्ट इपॉक्सी भरली, ती वाळल्यावर तिच्यातूनच योग्य मापाचं भोक. आता बोल्टाचा लाकडाशी संबंधच येत नाही. भिंत ४६,००० रुपयांत झाली, फोम आणि जमीन २८,००० त.

मशीन, म्हणजे ज्यात मला सगळं कळतं ते

मशीनबद्दल लवकर आटोपतो, कारण तिथे काही विशेष घडलं नाही. समुद्राचं मीठ थंड पाण्याच्या वाटेत बसलेलं, थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला, बोल्ट असे धरलेले की दोन दिवस गरम करून, तेल पाजून, हळूहळू हलवून काढावे लागले. पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक, इम्पेलर, पाकळ्या वाकून कडक झालेलं. सील, कार्बोरेटरचा किट, प्लग, हे सगळं नवं. ४१,००० रुपये.

एक बाब मात्र समुद्राकडून गोड्या पाण्यात येणाऱ्या कोणालाही लागेल. मशीनच्या पायाला धातूचे बळी देणारे तुकडे असतात, ॲनोड. गंज आधी त्यांना खातो, मशीनला नाही. समुद्रात जस्ताचे लावतात. गोड्या पाण्यात जस्तावर कठीण थर बसतो आणि ते झोपी जातं. तुकडा नवाकोरा दिसतो, आपण खूश होतो, आणि आत ॲल्युमिनियम गंजत असतं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचे लागतात. ते आम्ही मागवले.

आणि पेट्रोल. पंपावर आता मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. ते हवेतली ओल ओढतं, जास्त दिवस पडलं की पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि मशीन तेच आधी पितं. फेऱ्या संपल्या की टाकी रिकामी करायची, नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. भाच्याने पहिल्यांदा मोटारसायकलचं टूटी ऑइल मिसळलं होतं, पाण्याने थंड होणाऱ्या मशीनला टीसी-डब्ल्यू-थ्री दर्जाचं बोटीचं तेल लागतं. त्यावरून आमचं एकदा वाजलं, ते सोडून देतो.

कागद

हे प्रकरण जून ते ऑक्टोबर चाललं, आणि पावसाळ्यात बोट तशीही उतरवता आली नसती. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की फुगवट्याचं तळं राहत नाही, नदी होते.

देशांतर्गत जलयान कायदा २०२१ साली आला, १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या राज्यात तो कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. सागरी मंडळाचा आणि मुक्ताईनगरचा काय संबंध, हे भाच्याला कितीतरी दिवस पटलं नाही. धरणाच्या पाण्यात उतरण्याची परवानगी वेगळी, ती पाटबंधारे खात्याची.

अडचण अशी झाली की विकणाऱ्याने दिलेल्या कागदावरचा मशीनचा नंबर आणि मशीनवरचा नंबर जुळेना. मधल्या काळात मशीन बदललेलं होतं, कागद जुन्याचेच. सौद्याच्या दिवशी मी मशीनच्या आत बघत होतो, अंगावरची पट्टी वाचायचं सुचलं नाही. शेवटी ओळखीच्या ओळखीने विकणाऱ्याला गाठलं, दुसऱ्या मशीनचं बिल आणि हस्तांतराचं पत्र मिळवलं. दोन महिने गेले. नोंदणी, तपासणी, विमा, दोन खेपा, सगळं धरून १७,००० रुपये. सौदा करताना पाचशे रुपये कमी करायला जेवढं भांडलो, त्याच्या पावभर लक्ष या पट्टीकडे दिलं असतं तर बरं झालं असतं.

पाणी

नोव्हेंबरच्या शेवटी बोट उतरवली. माणसं सहा, सगळ्यांना लाइफ जॅकेट. बोट उठेना. पूर्ण वेग दिला तरी मशीन मिनिटाला ४७०० फेऱ्यांवर अडखळत होतं, त्याची पूर्ण वेगाची मर्यादा ४५०० ते ५५०० ची. आकडा मर्यादेत आहे म्हणून चालत नाही, भरलेल्या बोटीत तो वरच्या अंगाला लागतो, नाहीतर मशीन चढावर टॉप गिअरमध्ये ओढल्यासारखं रेटतं. पंखा तेरा इंच पिचचा होता (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर), किनाऱ्यावर हलक्या बोटीला वेग देणारा. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेऱ्या वाढतात. अकरा इंचाचा पंखा बसवला, १४,००० रुपये, आणि मशीन पाच हजारांच्या वर गेलं. बोट उठली.

मग तिथला एक म्हातारा मासेमार काठावर उभा होता, त्याने दोन-तीन फेऱ्या पाहिल्या आणि भाच्याला म्हणाला, "भाऊ, खाले सगया गाय हाये. तुही मशीन गाय खाईन." बाहेरच्या माणसाला वाटेल हा कुठल्या गाईबद्दल बोलतोय. तो गाळाबद्दल बोलत होता. पूर्णा अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या काळ्या मातीतून येते, आणि जे आणते ते हतनूरला ठेवते. काठाकडे फूट-दोन फूट पाणी आणि खाली लोण्यासारखा चिखल. आमच्या बोटीचा तळ लाटा कापायला केलेला, खोल 'व्ही' आकाराचा. उभी असताना मशीनचा पाय दोन-अडीच फूट खाली जातो.

म्हाताऱ्याचं खरं व्हायला तीन आठवडे लागले. मशीनमागून थंड पाण्याची बारीक धार सुटते, पोरं तिला 'मुती' म्हणायला लागली होती. एक दिवस ती थेंब-थेंब झाली. उघडलं तर नव्या इम्पेलरच्या पाकळ्या वाळूकागदाने घासल्यासारख्या, आणि पाण्याच्या वाटेत काळी माती. जानेवारीत एका जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्यामागच्या दांड्याला गुंडाळला आणि सील कापून आत गेला. गिअरचं तेल पुन्हा ताक. जाळं ज्याचं होतं त्याला भाच्याने भरपाई दिली, ते योग्यच झालं, त्याचा दोष काहीच नव्हता. त्यानंतर मासेमारांच्या सोसायटीशी बसून वाट ठरवली : नदीच्या जुन्या पात्रावरून, जिथे पाणी खोल आहे तिथूनच, आणि सकाळी नऊच्या आधी नाही, कारण तोवर जाळी पाण्यात असतात.

पक्षी बघायला येणाऱ्यांनी उरलेलं काम केलं. टू-स्ट्रोक मशीनचा आवाज अर्धा किलोमीटरवरून गेला की चक्रवाकांचा थवा उठतो आणि ज्याला तो बघायचा होता तो माणूस आपल्याकडे रागाने बघतो. पैसे त्यानेच दिलेले असतात. म्हणजे ज्या दोन गिऱ्हाइकांच्या भरवशावर बोट घेतली, त्यातल्या एकाला बोटीचा वेगच नको होता.

हिशेब पुरा करतो. ट्रेलरचे बेअरिंग, टायर, दिवे १९,०००, वायरिंग आणि बॅटरी ११,०००, जॅकेट, अग्निशामक, नांगर, दोर २२,०००. दुरुस्ती आणि सामान मिळून १,८१,००० झाले, आणि किंमत, भाडं, कागद धरून ५,०५,०००. मागची भिंत सौद्याआधी वाजवली असती तर एक तर बोट सोडली असती, नाहीतर लाखभर कमीत मागितली असती. पण भिंत ठणठणीत असती तरी गाळ, जाळी आणि चक्रवाक इथेच होते, आणि ते कोकणात जाऊन हातोडीने कळणारे नव्हते. त्यासाठी बोट बघायच्या आधी त्या म्हाताऱ्याच्या होडीत बसून एक फेरी मारायला हवी होती. त्याने फारतर चहा मागितला असता.

महाशिवरात्रीला बोट दिवसभर चालली, मंद, यात्रेकरूंना घेऊन. आयाबायांना वेग नकोच होता, देवळाच्या बाजूने पाण्यातून नमस्कार करायचा होता. त्या एका दिवसाची कमाई बाकीच्या महिन्याएवढी होती. एप्रिलला पाणी ओसरलं तेव्हा ती ओढून भाच्याच्या मळ्यात कडुलिंबाखाली आणली. भाचा आता दहाच्या आतबाहेर हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन आणि सपाट तळाची होडी कुठे मिळते ते शोधतोय, आणि ही विकायला काढायची म्हणतोय. मी त्याला सांगितलंय, भिंतीला पुन्हा रंग द्यायचा नाही. रेझिनचा सांधा उघडा दिसू दे, सोबत फोटो दे, घेणाऱ्याच्या हातात हातोडी दे. गिअरचं तेल परवा काढून पाहिलं, अजून स्वच्छ आहे.